एकशे एकोणपन्नासचं पीक

काकांना वॉशिंग रूममधून काढलं ते माझ्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य चुकीचं होतं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःची बाजू घेत जाईन, ती सवय मला आहे.

तळोजा एमआयडीसीत, नावड्याच्या बाजूला, एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये मी केमिस्ट होते. राहायला कळंबोलीत. वडील लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला होते, आमचं मूळ गाव लातूरकडचं. एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली नमुने गाळण्याचं काम केलं आणि मग मला ते मशीन मिळालं. जीसी-एमएस. घरी आईला समजावलं होतं, तसंच इथेही सांगते. एक भट्टी असते, लहान फ्रिजएवढी. तिच्यात केसासारख्या बारीक नळीचं तीस मीटरचं वेटोळं. एका टोकाला सुईनं थेंबाचाही पन्नासावा भाग सोडायचा. उष्णतेनं त्याची वाफ होते, आणि त्यात जितके पदार्थ असतील तितके नळीतून पळता पळता वेगळे होतात. दुसऱ्या टोकाला हवा काढून टाकलेली एक पेटी असते. तिथे प्रत्येक पदार्थाचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांचं वजन होतं. "म्हणजे काटाच की," वडील म्हणाले होते. काटाच.

पदार्थ आला की स्क्रीनवर रेघ वर चढते आणि खाली येते. त्या उंचवट्याला आम्ही पीक म्हणतो.

आमच्याकडे खाण्याच्या तेलाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्यांची बुचं, लहान मुलांची खेळणी असं काय काय यायचं. प्लॅस्टिक मऊ करायला जी रसायनं घालतात ती त्यातून सुटतात का, हे बघायचं. त्या रसायनांचा एक तुकडा कायम एकाच वजनाचा येतो. एकशे एकोणपन्नास. हा आकडा आजही बसच्या तिकिटावर दिसला तरी मी ते तिकीट उलटं करून धरते.

काकांबद्दल सांगायचं तर ते नावड्याचेच. आगरी. त्यांच्या वडिलांची भातशेती कारखान्यांखाली गेली आणि मग घरातली माणसं कुठे कुठे कामाला लागली. काका या लॅबमध्ये लॅब सुरू झाल्यापासून होते. काचेची सगळी भांडी धुणं हे त्यांचं काम. फ्लास्क, पिपेट, फनेल आणि बोटाच्या पेराएवढ्या त्या व्हायल, ज्यांत नमुना भरून मशीनला लावतात. मोठ्या लॅबमध्ये व्हायल एकदा वापरून फेकतात. आमच्याकडे त्या धुऊन परत वापरायचे, कारण काका होते. साबण, नळाचं पाणी, तीन वेळा डिस्टिल्ड पाणी, शेवटी ॲसिटोन, मग ओव्हनमध्ये. धुतलेला फ्लास्क ते तिरका धरायचे. पाणी एकसंध चादरीसारखं घसरलं तर ठीक. कुठे एक थेंब अडकला तर फ्लास्क परत साबणात. मी नवीन होते तेव्हा एकदा घाईत म्हटलं, "काका, चालेल हो." ते म्हणाले, "तुला चालंल बाय, मना नाय चालाचा."

जेवायच्या सुट्टीत ते डब्यातला सोड्याचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा भात आमच्या टेबलावर सरकवायचे. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, एरवी बाय.

त्या वर्षी बाहेरून तपासणी होणार होती. त्यावर लॅबची मान्यता टिकणार की नाही हे ठरत होतं. दहा-बारा दिवस राहिले असताना ब्लँकमध्ये पीक आलं. ब्लँक म्हणजे नमुना नाही, नुसतं हेक्झेन, नमुना ज्यात विरघळवतात ते द्रव. त्यात काहीही दिसता कामा नये. दिसलं ते एकशे एकोणपन्नासच, चांगलं ठसठशीत. ब्लँकमध्येच प्लॅस्टिकचं रसायन निघालं तर गिऱ्हाईकाच्या तेलात निघालेलं कुणाचं म्हणायचं?

मी शोधायला लागले. आधी सुई जिथून आत जाते तिथलं रबर बदललं. मग आतली काचेची नळी बदलली. वेटोळ्याचं टोक वीतभर कापून टाकलं. पीक जागेवर. मग मशीन थंड करून, पेटी उघडून, आतला सोर्स बाहेर काढला. तो धातूचा छोटा भाग असतो, रेणूंचे तुकडे होतात ते तिथेच. बारीक पांढऱ्या पावडरीची लुगदी करून कापसाच्या काडीनं तो घासायचा, आरशासारखा होईपर्यंत. मी घासला. बोटं आखडली. जोडला, पंप सुरू केला, आतली हवा निघेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी ब्लँक लावलं. पीक परत आलं.

तेव्हा मी एक शहाणपणाची गोष्ट केली. सुई आत न घालताच मशीन चालवलं. रेघ सपाट. याचा अर्थ मशीन स्वच्छ होतं. घाण सुईबरोबर बाहेरून येत होती. मी हेक्झेनची नवी बाटली फोडली. पीक आलं. मग राहिलं काय? ज्यात हेक्झेन भरलं ती व्हायल. आणि व्हायल धुतं कोण?

एक गोष्ट मी केली नाही. स्टोअरमध्ये नव्या कोऱ्या व्हायलचा डबा होता. तो फोडायला आमच्या लॅबप्रमुख सरांची सही लागायची आणि सर मीटिंगमध्ये होते. तासाभरानं सुटले असते. त्यातली एक व्हायल लावून पाहिली असती तर त्याच दुपारी मला कळलं असतं की व्हायलचा काही संबंध नाही. मी थांबले नाही. मला उत्तर सापडलं होतं आणि तीन दिवस मला सगळे विचारत होते, "झालं का? मिळालं का?" सर मीटिंगमधून बाहेर आले तसं मी पॅसेजमध्येच सांगितलं, "सर, मशीन क्लीन आहे. व्हायल नीट धुतल्या जात नाहीयेत."

हेच ते वाक्य.

सरांनी पुढचं काही विचारलं नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये दोष कुठला, कारण काय आणि काय सुधारणा केली अशा तीन रकान्यांत लिहावं लागतं. त्यांना लिहायला काहीतरी मिळालं. जुन्या व्हायल सगळ्या टाकल्या, नवा डबा फोडला. भांडी धुवायला कंत्राटदाराकडून दुसरा माणूस आणला. काकांना मागच्या आवारात सॉल्व्हंटच्या ड्रमांच्या शेडमध्ये पाठवलं. रिकामे ड्रम मोजायचे, लेबलं लावायची. कारणाच्या रकान्यात सरांनी लिहिलं, भांडी धुण्यात निष्काळजीपणा. खाली तपासणारा म्हणून माझी सही.

नव्या व्हायलमध्ये ब्लँक लावून बघायच्या आधीच, नेमकं दुसऱ्या दिवशी मशीनच्या कंपनीचा सर्व्हिस इंजिनियर वार्षिक देखभालीला आला. त्यानं पंपाचं तेल बदललं, पंखे साफ केले, आणि सुई धुण्यासाठी मशीनवर ज्या दोन लहान बाटल्या असतात त्याही बदलल्या. त्यात हेक्झेन त्यानं काचेच्या मोठ्या बाटलीतून, काचेच्या पिपेटनं भरलं. मग आम्ही ब्लँक लावलं. रेघ सपाट. सर माझ्या पाठीमागे उभे होते. "गुड," म्हणाले.

हे मशीन शिकवताना पहिल्या दिवशी मला एक नियम सांगितला होता, पुढे मीही दुसऱ्यांना सांगत आले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे दुरुस्त झालं ते कधीच कळत नाही. त्या दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि मला ते ठाऊक होतं. पण रेघ सपाट होती, सर गुड म्हणाले होते, आणि मला विचार करायचा नव्हता.

तपासणी व्यवस्थित पार पडली. त्या दिवसांत आम्ही सगळेच पुस्तकात लिहिल्यासारखं वागत होतो. प्रत्येक वेळी काचेची बाटली, काचेची पिपेट. तपासणारे गेले आणि आम्ही पुन्हा आमच्या सवयींवर आलो. माझी सवय म्हणजे वॉश बॉटल. प्लॅस्टिकची, दाबली की चोचीतून धार येते ती. सुई धुण्याच्या बाटल्या भरायला ती फार सोयीची. तिच्या आतली नळी पीक पहिल्यांदा दिसण्याच्या थोडं आधी तुटली होती. नवी मागवायचा कंटाळा म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेला पारदर्शक मऊ नळीचा तुकडा मीच कापून बसवला होता. छान बसला होता. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

पीक परत आलं. व्हायल कोरी होती, डब्यातून तेव्हाच काढलेली.

मी खुर्चीत बसून राहिले. मग एकेक गोष्ट बदलत गेले, या वेळी खरोखर एकेक. सुई धुण्याच्या बाटल्या काढून काचेच्या बाटलीतून भरल्या, रेघ सपाट. परत वॉश बॉटलनं भरल्या, पीक. शेवटी वॉश बॉटलमधलं हेक्झेनच व्हायलमध्ये घेऊन लावलं. रेघ वर चढली ती स्क्रीनच्या बाहेर गेली. मऊ पारदर्शक नळी म्हणजे प्लॅस्टिक मऊ करणारं तेच रसायन, मी चोवीस तास हेक्झेनमध्ये भिजत ठेवलेलं. सुई दर वेळी त्यातच धुतली जात होती. आणि ही गोष्ट मला कळायला हवी होती. इतर कुणापेक्षा जास्त मलाच. रोज मी तेच तर तपासत होते.

दुपारी जेवणाआधी सगळं स्पष्ट झालं होतं. मी ती वॉश बॉटल हातरुमालात गुंडाळली आणि कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात तळाशी टाकली. त्या दिवशीची रन, म्हणजे चाचणीची नोंद, कॉम्प्युटरमधून काढता येत नाही, पण तिला मी "ट्रायल" असं नाव दिलं. कुणी उघडून बघणार नव्हतं.

का नाही सांगितलं? माझं कन्फर्मेशन व्हायचं होतं, हे एक. तपासणीचा कागद माझ्या सहीनं गेला होता, हे दुसरं. आणि तिसरं असं की मी स्वतःला पटवलं होतं, काकांचं तसं काही बिघडलेलं नाही. पगार तोच. उभं राहून भांडी घासण्यापेक्षा शेडमध्ये बसणं बरं. निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरलेली. असं मी रोज थोडं थोडं स्वतःला सांगायचे.

शेडमध्ये मला एरवी काम नसायचं. एकदा वेस्ट सॉल्व्हंटचा कॅन घेऊन गेले तर काका ड्रमवर लेबल चिकटवत होते. चिकटवून तळव्यानं सपाट करत होते, कुठे हवा राहू नये म्हणून. मला पाहून हसले. मग म्हणाले, "बाय, एक इचारू?"

"विचारा ना काका."

"माज्या भांड्यांना काय व्हता ग? मना तं काय दिसत नव्हता."

मी त्या क्षणी सांगू शकत होते. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

"डोळ्यांना दिसत नाही ते," मी म्हटलं. "फार सूक्ष्म असतं. मशीनलाच कळतं."

ते मान हलवत राहिले. "मंग मी साबन बदलला असता. कोनी बोललाच नाय आदी." मग लेबलाची कड परत दाबत म्हणाले, "वय झाला. आता हाताला कलत नसंल."

मी कॅन ओतला आणि निघून आले. डब्यातलं जेवण मला गेलं नाही, असं लिहावंसं वाटतं. पण मी जेवले होते. त्या दिवशी कँटीनला बटाटेवडे होते आणि मी दोन खाल्ले होते.

दोन-अडीच महिन्यांनी काकांनी काम सोडलं. ते स्वतः आलेच नाहीत. त्यांची बायको आली, दोन युनिफॉर्म धुऊन, घडी करून, पिशवीत घालून. गेटवरून फोन आला तेव्हा एचआरचं माणूस जेवायला गेलं होतं, म्हणून मला खाली पाठवलं. काकी ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारी गुडघ्यापर्यंत चापून नेसलेली. मला त्यांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"मशीनवाल्या मॅडम तुमीच का?"

"हो."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. दोघींनी ती धरलेली. "यांना काय सांगितलाव तुमी?"

"काय झालं काकी?"

"घरान भांडी घासतान. मी घासलेली परत घासतान. पानी पिवाचा पेला चार-चार येला धुतान, उजेडान धरतान, परत धुतान. नातवाची दुधाची बाटली धुवून धुवून तिच्यावरचं आकडे गेलं. मी बोललू, आवो साफ हाय. तर बोलतान, तुला नाय दिसाचा, मशीनला दिसतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "असा काय मानूस नव्हता ह्यो. तुमी काय सांगितलाव?"

मी म्हटलं, "मी येते काकी. रविवारी येते घरी." त्यांनी पिशवी सोडली.

घरी गेले तेव्हा वडील टीव्हीसमोर भेंडी चिरत बसले होते. आई बहिणीकडे गेली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, नळीपासून दुधाच्या बाटलीपर्यंत. ते सुरी थांबवून ऐकत होते. काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. ट्रक चढण्याआधी काटा शून्यावर आहे का हे रोज शंभर वेळा बघणारा. मला वाटलं होतं, रागावतील किंवा समजूत घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या माणसाला ठाऊक आहे का हे?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस?"

आणि भेंडी चिरायला लागले.

रविवारी सकाळी मी नावड्याला गेले. गावात जुन्या घरांच्या मधे मधे तीन-चार मजली इमारती उठल्या आहेत. काकांचं घर तळमजल्याचं, पुढे ओटा. काका ओट्यावर बसले होते, बारीक झालेले. मला पाहून उठले, खुर्ची पुसली, मग परत एकदा पुसली. काकी दारात उभ्या राहिल्या. सून आत पोराला आंघोळ घालत होती, पाण्याचा आवाज येत होता.

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहा प्यायल्यावर बोलणं अवघड झालं असतं.

"काका, तुमच्या भांड्यांना काही नव्हतं. कधीच काही नव्हतं. चूक माझी होती."

मी सगळं सांगितलं. काका मधे मधे प्रश्न विचारत होते, अगदी कामातले. नळी कुठली होती? कितीशी? सुई कुठे बुडते? इंजिनियरनं भरलं ते कशानं? एक एक गोष्ट त्यांनी पक्की करून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे नली तुजी व्हती."

"हो काका."

"आनि तुला कदी कलला?"

या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त भीती होती. "तपासणी झाल्यावर तीन आठवड्यांनी," मी म्हटलं. "तुम्ही शेडमध्ये मला विचारलंत ना, त्याच्या आधी."

बोलल्या त्या काकी. "तवा म्हाईत व्हता?" त्या ओट्यावर आल्या. "तवा म्हाईत व्हता तरी यांच्या तोंडावर खोटा बोलली? मानूस येडा व्हाचा रायला घरान, आनि तुला म्हाईत व्हता?" त्या मला अगं-तुगंवर आल्या होत्या आणि तेच बरोबर होतं. सून ओलं पोर कडेवर घेऊन दारात आली. मी रडले नाही. रडणं म्हणजे त्यांनाच माझी समजूत घालायला लावणं झालं असतं, एवढं तरी मला कळत होतं.

काकांनी हातानं काकींना थांबवलं. "सायबांना सांगितलास?"

"अजून नाही."

"मंग मना कनाला सांगतंस? तिथं माज्या कामावर लिवलंय. तिथं सांग जा." आणि ते उठून आत गेले.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी शांतपणे ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, रेकॉर्ड क्लोज झालंय. मान्यता आलीये. आता हे उकरून काढलं तर प्रश्न तुझ्यावर, माझ्यावर, सगळ्या लॅबवर येईल. त्यांनी रिझाइन केलंय ना? मग सोड. टेन्शन घेऊ नकोस."

"सर, कागदावर त्यांचा निष्काळजीपणा लिहिलाय."

"नाव कुठे लिहिलंय? नाव नाहीये."

खरंच नाव नव्हतं. वॉशिंग अटेंडंट असं होतं. त्या लॅबमध्ये वॉशिंग अटेंडंट एकच होता.

मी परत जागेवर आले. मशीनजवळ एक जाड वही असते, देखभालीची. कुठला भाग कधी बदलला, का बदलला, कुणी बदलला. पानांवर छापील नंबर असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर सही करावी लागते. मी पेन घेतलं आणि लिहिलं. नळी कधी बसवली, पीक कधी आलं, कोणती चाचणी करायची राहिली, खरं कारण केव्हा कळलं आणि ते मी केव्हापर्यंत लपवलं. "ट्रायल" नावाच्या त्या रनचा नंबरही लिहिला. पाऊण पान झालं. खाली पूर्ण सही. मग वही उघडीच नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली.

सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण वहीत लिहिलेलं तसंच ठेवून पुढच्या तपासणीला बसता येणार नव्हतं, म्हणून जुना फॉर्म त्यांना पुन्हा उघडावा लागला. कारणाचा रकाना बदलला. मला मेमो मिळाला, कन्फर्मेशन पुढे गेलं, आणि सहा महिने एकटीनं मशीन चालवायला बंदी झाली. माझ्याहून नवीन असलेली मुलगी माझ्या प्रत्येक ब्लँकवर सही करायची. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. वाटायचं. रोज वाटायचं, आणि वाटतं याचीही लाज वाटायची.

सरांनी काकांना फोन केला, हे मात्र मानायला हवं. माझ्यासमोर केला. परत या म्हणाले, वॉशिंग रूममध्येच. काका म्हणाले, "आता नको साहेब." कारण विचारलं तर, "नातवाला शालेन सोराचा असतं," एवढंच.

सुधारलेल्या फॉर्मची प्रत घेऊन मी नावड्याला गेले होते. काका घरी नव्हते. काकींनी कागद घेतला, सुनेकडे दिला, सुनेनं तो तिथेच मराठीत करून वाचून दाखवला. काकींनी ऐकलं आणि "बरं" म्हणाल्या. भांडी घासणं थांबलं का, हे मला विचारायचं होतं. ओट्यावरच्या नळाखाली पेले पालथे घातलेले होते, पाच-सहा. त्यावरून काही कळत नव्हतं. मला विचारायचं धाडस झालं नाही.

पुढच्या लग्नसराईत काका लॅबमध्ये आले. धाकट्या मुलीचं लग्न होतं. प्रत्येकाला हातानं पत्रिका दिली, सरांना दिली, माझ्या टेबलाशीही आले. "यावा," म्हणाले. मॅडम म्हणाले नाहीत, बायही म्हणाले नाहीत.

मी गेले. गावच्या मैदानात मांडव होता, दुपारची पंगत चालू होती. बायकांच्या अंगावर पिवळेधमक शालू, बँजोचा आवाज. मी आहेर देऊन निघणार तेवढ्यात काकांनी मला पाहिलं आणि त्यांच्या भावकीतल्या चार-पाच माणसांकडे घेऊन गेले.

"ह्या आमच्या लॅबच्या मॅडम," ते म्हणाले. "त्ये भांड्यांचा झालता ना, त्यान मशीन बिघारलेली. माजा काय नव्हता. ह्यांनीच शोधून काढला, लिवून दिला सायबांना."

"असा का?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "लई हुशार हायत मॅडम. नायतर कोन बघतं गरिबाचा."

काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी ते मला सांभाळून घ्यायला म्हटलं, की भावकीसमोर त्यांना ते तसंच सांगायचं होतं, मला अजून समजलेलं नाही. मशीन बिघडलं म्हटलं की कुणी कुणाशी वाईट वागलेलं नसतं. मी तोंड उघडलं. मशीन बिघडलं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. मशीन त्या वर्षी एक दिवसही बिघडलं नव्हतं.

पण त्या गृहस्थांनी हात जोडले आणि मीही जोडले.

काकी पंगतीत भात वाढत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. पातेलं कमरेला टेकवून त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे पाहत. मी काही म्हणते का ते बघत असाव्यात. मग पुढच्या पानाकडे वळल्या. मला कुणीतरी खांद्याला धरून पंगतीत बसवलं आणि समोर पान मांडलं.